लाईट गेली की चालणारं नेट

तक्रार अशी होती की लाईट असली म्हणजे इंटरनेट बंद पडतं आणि लाईट गेली की चालू होतं.

आमच्या हिंगोलीच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या बाईंनी ती वहीत लिहिली आणि स्वतःच चक्रावल्या. त्यांनी ग्राहकाला परत फोन लावला. ग्राहक म्हणजे एका खेड्यातले शाळेचे सर. त्यांनी वर्गात सांगावं तसं सावकाश, दोनदा सांगितलं. मग ती वही टेबलाटेबलावर फिरली. सुपरवायझर म्हणाला, "सरांना म्हणावं, नशीबवान आहात. वायरमनला पेढे द्या." दुसरा एक जण म्हणाला, "आपल्या भागात असंच नेट पाहिजे. दिवसाचे आठ-दहा तास तर पक्के." सगळे हसले, मीही हसलो. मग चिठ्ठी माझ्या हातात आली, कारण नरसी-सेनगाव रस्ता माझ्याकडे होता.

हे दोन हजार आठ-नऊच्या आसपासचं. मी तेव्हा अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा असेन. आज पंचावन्नच्या घरात आहे आणि ते काम सोडूनही बरीच वर्षं झाली. त्या कामात शेकडो घरांत गेलो, बहुतेक विसरलो. या एका घराबद्दल मी आजपर्यंत कुणाला पूर्ण खरं सांगितलेलं नाही. ऑफिसात सांगितलं ते हसण्यावारी. बायकोला सांगितलं ते अर्धवट.

माझं आयुष्य तसं अडथळे शोधण्यातच गेलं. नव्वद सालानंतर, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हा, मी गावोगाव टीव्हीचे अँटेना बसवायचो. पत्र्यावर चढून पाइप फिरवायचा आणि खालून घरातलं कुणीतरी सांगत राहायचं, "आलं, आलं... गेलं. मागं घ्या." पडद्यावर मुंग्या दिसल्या तर अँटेनात दोष. आडव्या रेघा दिसल्या तर जवळपास विहिरीची मोटार नाहीतर कुणाचा मिक्सर. हे मला नुसतं बघून कळायचं. पुढे केबल आली, अँटेना भंगारात गेले, मग फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं, मग घरातल्या घरात हवेतून जाणारं वाय-फाय. यंत्रं बदलली तरी माझं काम तेच राहिलं. कुणाच्या तरी घरात जायचं आणि काय कशाच्या आड येतंय ते बघायचं.

आम्ही कंपनीचे नव्हतो, कंपनीच्या कंत्राटदाराचे होतो. रोज सकाळी चिठ्ठ्या मिळायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर दोष, कारण, उपाय आणि खाली ग्राहकाची सही. सही आली की तक्रार मिटली. त्याच घरातून महिन्याच्या आत पुन्हा फोन आला तर तिला 'परतीची तक्रार' म्हणायचे. ती आमच्या नावावर चढायची. दोन चढल्या की सुपरवायझर सगळ्यांच्या देखत उभं करून बोलायचा. त्या महिन्यात माझी एक चढलेली होती.

जून संपत आला होता आणि हवा कोरडी होती. नरसी मागे टाकली तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. त्या दिवसाची ती माझी तिसरी चिठ्ठी. मोटारसायकलची चेन दोनदा उतरली होती आणि पाठ अशी धरली होती की गाडीवरून उतरून सरळ उभं राहायलाही मिनिटभर लागायचं. पुढे साखऱ्याच्या बाजूला आणखी दोन चिठ्ठ्या बाकी होत्या.

सरांचं घर नवं, दुमजली. वरच्या खोलीत कॉम्प्युटर, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर पाच-सहा पोरं-पोरी हातात गुणपत्रिकेच्या झेरॉक्स घेऊन बसलेल्या. पॉलिटेक्निक आणि आयटीआयचे फॉर्म ऑनलाइन भरायचे होते, हिंगोलीला जायला प्रत्येकाला जमत नव्हतं, म्हणून सरांनी रजा टाकून स्वतःच्या घरी हे सुरू केलं होतं. त्याबद्दल ते कुणाकडून काही घेत नव्हते. मुदत संपायला आठवडा उरला होता. हे सगळं त्यांनी मला दारातच सांगितलं आणि मग विचारलं, "चालू दाखवू का बंद दाखवू? साडेतीनला लाईट जाते. तोपर्यंत थांबलात तर दोन्ही दाखवतो."

दाराशेजारी भिंतीवर लोडशेडिंगचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, सरांच्या सुंदर अक्षरात. सकाळचे तास लाल शाईने, दुपारनंतरचे निळ्या.

मी पुढच्या खोलीतला मॉडेम तपासला. फोनच्या तारेतून इंटरनेट बराबर येत होतं. मॉडेम इन्व्हर्टरवर, वरचा कॉम्प्युटरही इन्व्हर्टरवर. म्हणजे लाईट गेली तरी बॅटरी उतरेपर्यंत, तासभर, हे दोघे चालूच राहत. मधल्या हवेतच काहीतरी घोटाळा होता. लाईट असताना चालणारी आणि लाईट गेली की मरणारी अशी एखादी वस्तू या घरात आहे आणि ती मॉडेमच्या आवाजावर आपला आवाज चढवते आहे, इतकं मला तिथेच कळलं. ऑफिसात ज्या गोष्टीवर सगळे हसले होते, ती सरांनी अगदी नेमकी सांगितली होती.

मी सरांना म्हणालो, "वरून सरळ वायर ओढून देतो. प्रश्नच मिटेल."

"वायरलेस घेतलंय ते वायर ओढायला व्हय?" सर हसून म्हणाले. "परवाच रंग दिलाय भिंतींना."

मग आमची जुनी पद्धत. घरातली एकेक वस्तू बंद करत जायचं आणि वर बसलेल्या माणसाला विचारायचं. सर वर गेले. मी खालून फ्रिज बंद केला. वरून आवाज आला, "न्हाई." टीव्हीची पिन काढली. "न्हाई." ट्यूब, पंखा, बिनतारी फोनचा स्टँड. "अजून न्हाई." जिन्यावरच्या एका पोरीला मजा वाटायला लागली. ती म्हणाली, "सर, आता फक्त आमीच चालू आहोत." 

मधल्या खोलीत खाटेवर सरांची आई होती. लकवा होऊन दीड वर्ष झालं होतं. डावं अंग गेलेलं, बोलणं जड आणि आवाज इतका बारीक की खाटेजवळ वाकल्याशिवाय ऐकू येत नव्हता. डोळे मात्र लख्ख होते. मी खोलीत आलो तसे ते माझ्या मागे फिरत होते. मी म्हणालो, "आजी, जरा लाईटीचं बघून राहिलो." त्यांनी मान हलवली. उशाच्या खिडकीत, साधारण हातभर अंतरावर, एक पांढरा डबा होता, साबणाच्या वडीएवढा, वर बोटभर अँटेना. त्याची पिन मी काढली.

"आलं," वरून सर म्हणाले. पाठोपाठ पोरांचा गलका झाला.

आणि दुसऱ्याच मिनिटाला मागच्या दाराने एक बाई धावत आत आली. पन्नाशीच्या पुढची, पदर खोचलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. ती आधी खाटेपाशी गेली, आईच्या तोंडाकडे बघितलं, छातीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय केलं तुमी? माझ्या मशीनमधी नुस्ती खरखर सुरू झाली."

ही सरांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. घरात सगळे तिला आक्का म्हणत. सरांची बायको दुसऱ्या गावच्या शाळेवर, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची, म्हणून आईचं सगळं आक्काकडे होतं. आणि गोठाही तिच्याकडे. गोठा घराच्या मागे, गल्ली ओलांडून, कडब्याच्या गंजीच्या पलीकडे. तिथून घरातला आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं.

तिच्या गळ्यात ब्लाउजच्या कापडाची शिवलेली एक पिशवी होती आणि त्या पिशवीत त्या पांढऱ्या डब्याचा जोडीदार. आई खाटेवर जे काही बोलेल, कण्हेल, ते यातून ऐकू यायचं. समोर पाच लाल दिवे होते, आवाज वाढेल तसे एकेक लागायचे. ती मला समजावून सांगत होती, हात अंगापासून लांब धरून. "नुसता श्वास घेतला तर एकच दिवा लागते. कण्हली तर दोन. मला हाक मारली तर चार. पाचवा अजून कधी लागला न्हाई." तिचा मुलगा फौजेत होता. त्याने दिल्लीच्या बाजारातून आणलं होतं. लहान बाळांसाठी असतं ते. "दुकानदार म्हणला, लेकरू किती महिन्याचं आहे? माझं पोरगं म्हणलं, चौऱ्याऐंशी वर्साचं."

हे येण्याआधी तिला खोली सोडता येत नव्हती. आता तिने सगळा दिवस दारावरच्या त्या वेळापत्रकावर बसवला होता. लाईट असली की पिशवी गळ्यात घालून गोठा, धुणं, स्वयंपाक. लाईट गेली की डबा मुका व्हायचा, मग ती डाळ निवडायला घेऊन आईजवळ बसायची. आठ महिने असंच चाललं होतं.

आता इथे मी काय करायला हवं होतं ते सांगतो. मॉडेमला वेगवेगळे मार्ग असतात, आम्ही त्यांना चॅनल म्हणायचो. आमच्या सगळ्या मॉडेमवर कंपनीने एकच चॅनल लावून दिलेला होता आणि तो डबा नेमका त्याच मार्गावर बोलत होता. चॅनल बदलला असता तर दोघांचे रस्ते वेगळे झाले असते. सेटिंगला हात लावायचा नाही असा सुपरवायझरचा नियम होता, कारण मागे कुणीतरी लावला आणि मॉडेम बंदच पडला. पण पासवर्ड ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, सगळ्यांना पाठ होता, आणि तो नियम मी दुसऱ्या घरांत मोडलेला होता. वर कॉम्प्युटर चालू होता. नेट आलेलं होतं. फार तर दहा मिनिटं.

मी ते केलं नाही. त्या दहा मिनिटांत काही बिघडलं तर तासभर तिथे अडकलो असतो, आणि माझी पाठ दुखत होती, आणि साखऱ्याच्या दोन चिठ्ठ्या खिशात होत्या. यापेक्षा मोठं कारण नव्हतं. खूप वर्षं मी शोधलं, सापडलं नाही.

सर खाली आले. मी म्हणालो, "दोन्ही एकदम चालणार न्हाईत. एका वेळी एकच."

आक्का म्हणाली, "काम तर लाईटीतच राहते ना. याचं बी अन् माझं बी."

सर ओशाळले. "आठ दिवसांचा प्रश्न आहे आक्का. पोरांची मुदत जाईल."

"मी कुठं न्हाई म्हणून राहिले? लेकरांचे फॉर्म भर तू. मी आपली मधून मधून लावून बघत जाईन. घटकाभर."

ते 'मधून मधून' मला नको होतं. ती घटकाभर लावणार, वर नेट तुटणार, सर पुन्हा फोन करणार, आणि माझ्या नावावर दुसरी परतीची तक्रार चढणार. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"आक्का, खरं सांगू का? या डब्यातून लहरी निघतात. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला बऱ्या न्हाईत त्या. त्यात यांना लकव्याचं आहे. अन् तुमी तर उशालाच ठेवलाय."

त्या दिवसांत मोबाइलच्या टॉवरबद्दल लोक असलं खूप बोलायचे. चिमण्या मरतात, झोप उडते. माझं वाक्य त्यात सहज मिसळून गेलं. मॉडेम त्याच जातीच्या लहरी फेकत होता आणि तो मीच घरोघर बसवत होतो, हे तिथे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सरांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

आक्काने खिडकीकडे बघितलं, मग आईच्या डोक्याकडे. मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं. तिचा चेहरा एखाद्या चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा झाला. "मला काय म्हाईत," ती हळू म्हणाली. "पोरानं इतक्या लांबून आणलं." बाहेर जाऊन तिने हात धुतले, परत येऊन डब्याची वायर गोल गुंडाळली, गळ्यातली पिशवी काढली आणि दोन्ही कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

खाटेवरून आजी काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. आक्का वाकली, ऐकलं, आणि मला सांगितलं, "म्हणती, ऐकू तर जात व्हतं."

"आजी, तुमच्याच भल्यासाठी," मी म्हणालो.

मग चिठ्ठी भरली. कारण : ग्राहकाच्या घरातील उपकरणामुळे अडथळा. उपाय : उपकरण बंद केले. सरांनी सही केली. त्यांचं अक्षर खरंच सुंदर होतं. आक्काने चहा दिला, तो मी प्यायलो.

ऑफिसात मी हे कोडं कसं सोडवलं ते सांगितलं. लहरींचंही सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "डोकं लावलं बरं तू." त्या महिन्यात माझ्या नावावर दुसरी तक्रार चढली नाही.

पोळा होऊन गेल्यावर त्याच गावात ग्रामपंचायतीत नवं कनेक्शन द्यायला गेलो. सरांनी रस्त्यात गाठलं. "चहा घेतल्याशिवाय जाऊ देत न्हाई. सगळ्या पोरांचे फॉर्म वेळेत गेले. दोघांचा नंबर पण लागला." ते मनापासून खूश होते. मी थकलो होतो, पण नाही म्हणायला कारणही नव्हतं. खरं तर मी ते घर विसरत आलो होतो.

आक्का ओट्यावर भाजी निवडत होती. दार उघडं, मधली खोली तिथून दिसत होती. खाटेच्या मोकळ्या बाजूने जुन्या लुगड्याची जाड पट्टी करून आडवी बांधली होती, कठड्यासारखी.

मी विचारलं, "हे काहून बांधलं?"

"पडली ना माय," आक्का म्हणाली. "मागल्या महिन्यात. गाय व्याली त्या दिवशी. वासरू अडलं व्हतं, मला हलता येईना. दीड-दोन तास गेले. येऊन बघते तर माय खाली, फरशीवर. तोंड भिंतीकडं. सगळं भिजलेलं." तिने भाजीची एक काडी मोडली. "हाडबिड मोडलं न्हाई, तेवढं बरं. मनगट सुजलं व्हतं."

मागल्या महिन्यात. फॉर्मची मुदत तर जुलैतच संपली होती. त्यानंतर वर नेटची घाई कुणालाच नव्हती. डबा खिडकीत ठेवून पिन लावली असती तरी कुणी काही म्हणालं नसतं. तो कपाटात राहिला तो माझ्या एका वाक्यामुळे.

"तो डबा?" मी विचारलं.

"ठेवलाय ना साड्यांखाली. पोरगं फोनवर विचारते, आजी ऐकू येती का? मी म्हणते, येती." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी सांगितलं ते लई बरं झालं बघा. मी आपली अडाणी, तसंच ठेवलं असतं मायच्या डोक्याशी. डाक्टरनं बी सांगितलं नव्हतं."

माझ्या हातात कप होता. तो ठेवावा कुठे ते मला सुचेना. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की आक्का, मी खोटं बोललो होतो. एवढंच वाक्य. समोर सर बसले होते, त्यांनी मला चहाला बोलावलं होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

मी म्हणालो, "आता नवीन सेटिंग आलंय कंपनीचं. मॉडेममध्ये थोडा बदल करतो. मग त्या डब्याची काही तकलीफ न्हाई. डोक्याला बी न्हाई अन् नेटला बी न्हाई."

"मंग आधी काहून न्हाई केलं?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आत्ताच आलंय," मी म्हणालो.

पहिलं खोटं तिने जितक्या सहज मानलं तितक्याच सहज हेही मानलं. मी सरांबरोबर वर जाऊन चॅनल बदलला. सात मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं. खाली आलो तोवर तिने कपाटातून डबा काढून पुसला होता. मी तो खिडकीत पुन्हा जागेवर ठेवला, पिन लावली. वरून सर म्हणाले, "नेट चालू आहे." दोन्ही एकदम चालत होतं.

"आता गोठ्यात जाऊन बघा," मी आक्काला म्हणालो. ती पिशवी गळ्यात घालून गेली.

मी खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. आजी माझ्याकडे बघत होत्या. जूनपेक्षा त्या बारीक दिसत होत्या. मी वाकून म्हणालो, "आजी, आता ऐकू जाते. आक्काला हाक मारा बरं."

त्या बघत राहिल्या.

"नुसतं आक्का म्हणा. ती तिकडून धावत येईल."

ओठ हलले नाहीत. नजरही हलली नाही. त्यांना सगळं कळत होतं, याबद्दल मला शंका नव्हती आणि आजही नाही. शेवटी मीच त्या डब्याजवळ तोंड नेऊन म्हणालो, "आक्का, ऐकू येतंय का?"

गोठ्यातून तिने काय उत्तर दिलं ते अर्थातच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ती स्वतः गल्लीपर्यंत येऊन ओरडून म्हणाली, "तुमचं येऊन राहिलं. चार दिवे लागले. पण तुमचं काय करू मी? मायला बोलू द्या."

"बोलत न्हाईत," मी मागच्या दारातून सांगितलं.

ती आली आणि दारातच उभी राहिली. हातातल्या यंत्राकडे बघत होती. एकच दिवा होता, लागत होता, विझत होता. श्वासाचा.

"पडली तवापासून हेच आहे," ती म्हणाली. "त्या दिशी लई हाका मारल्या म्हणे तिनं. घसा बसला व्हता. मंग मला म्हणली, आता न्हाई मारत. मला वाटलं, रागाला आली असंल. दोन दिवसांनी बोलंल. बोलती, पण मी जवळ असले तरच. हाक म्हणून मारत न्हाई. ओली झाली तरी तशीच पडून राहती." मग तिने आईला मोठ्याने विचारलं, "काहून वं माय? आता तर मशीन लावली ना."

आजींनी डोळे मिटून घेतले.

मी उठायला हवं होतं. ग्रामपंचायतीचं काम अर्धवट होतं. पण मी तिथेच बसून राहिलो. एकदा तरी तो चौथा दिवा लागलेला बघून जावं असं मला वाटत होतं. अर्धा तास बसलो असेन. आक्का कडबा टाकून आली, पुन्हा गेली. सर वरून एकदा डोकावून गेले, मी अजून का बसलोय हे त्यांना कळत नसावं. आजी डोळे उघडत, मी आहे का ते बघत, पुन्हा मिटत.

साडेतीनला लाईट गेली. पंखा थांबला, खिडकीतला डबा बंद झाला. लगेच मागच्या दाराने आक्का आली, वेळ झाल्यासारखी, हात पुसत. सुपात डाळ घेऊन ती खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसली. तेव्हा आजींनी डोळे उघडले, मान तिच्याकडे वळवली आणि काहीतरी म्हणाल्या. मला ते शब्द कळले, कारण मी जवळच होतो.

त्या म्हणाल्या, "वासरू पितंय का?"

"पितंय," आक्का म्हणाली. "दांडगं झालंय."

मग त्या दोघी वासराबद्दल बोलत राहिल्या. मी पिशवी उचलली आणि निघालो. त्या दिवशी तक्रार नव्हती, त्यामुळे चिठ्ठीही नव्हती आणि सहीही नव्हती.

दिवाळीनंतर एकदा मी ऑफिसातून सरांना फोन लावला. ग्राहकांची विचारपूस करायचे फोन आम्हाला अधूनमधून करावे लागायचे, पण सरांचं नाव त्या यादीत नव्हतं. ते यादीत आहे असं दाखवून मी फोन केला. सर म्हणाले, "एकदम बराबर चालू आहे साहेब. लाईट असो नसो. तुम्ही आला नसता तर आम्ही अजून लाईट जायची वाट बघत बसलो असतो."

मी विचारलं, "आणि तो डबा? लावता का?"

"लावतो की. आक्काच्या गळ्यातच असतो."

"आजी हाक मारतात का?"

हा प्रश्न कंपनीचा नाही हे सरांच्या लक्षात आलं असावं. "माय ठीक आहे," ते म्हणाले. "काही त्रास न्हाई तिचा. शांत असते."

मी बरं म्हणालो. आणखी काही विचारायचं होतं, पण टेबलापलीकडे सुपरवायझर पुढच्या चिठ्ठ्या घेऊन उभा होता.